सिंदीमाळचा भोंगा

चोपड्याची बस आता थेट वर चढते.
तेव्हा नाल्यापाशी उतरून
सामान डोक्यावर घ्यावं लागे.
रेवाबाई नारखेडे पहिल्यांदा आल्या
तेव्हा त्यांची पेटी माझ्या डोक्यावर होती.
वाजवायची पेटी. चढणीवर भाता सुटला
आणि वळणावळणाला ती कण्हू लागली.
मागून बाई खोकत येत होत्या.
दोघींचा सूर एकच आहे, मी म्हणालो.
त्या थांबल्या, हसल्या, परत खोकल्या.

डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितलेलं.
चाळीस वर्षं जिनिंगच्या मालकीण,
छातीत रुई, बँकेत पैसा, पोटी कुणी नाही.
दोन महिन्यांसाठी आल्या
आणि तिसऱ्या महिन्यात जिनिंग विकली.

पुढचं तुम्ही बघताच आहात.
आमच्या शेळ्या दुपारी जिथे बसत
तिथे दगडी पायऱ्यांचं नाट्यगृह, वर छप्पर नाही.
पुण्याचे नट, इंदूरचे गवई,
जळगावची पोरं एकांकिका घेऊन.
पहिल्या वर्षी शेळ्याही प्रयोगाला येत.
वाचनालयात हजार पुस्तकं आणि एक धामण,
दोघांनी एकमेकांना कधी त्रास दिला नाही.
लाखीवहिनी पाहुण्यांसाठी वांगी भाजू लागली,
भरीत-भाकरी पाच रुपये, मग पन्नास,
आता विचारू नका.

इंदलची रात्र मात्र पायऱ्यांवर आणली नाही बाईंनी.
कुणीतरी सुचवलेलं, गर्दी होईल म्हणून.
"त्यांनी बोलावलं तर आपण जायचं," एवढंच बोलल्या.
बोलावलं. रात्रभर कडेला बसल्या, शाल गुंडाळून.

चूक एकच केली.
जिनिंगचा भोंगा तेवढा विकला नव्हता.
बैलगाडीतून वर आणला,
सागाच्या खांबावर बसवला.
शहरात तिसरी घंटा होते, इथे भोंगा होईल.
कल्पना त्यांना आवडलेली. मलाही.

पहिल्या प्रयोगाला माझा बाप पुढच्या पायरीवर,
रुमल्या पावरा, नवा फेटा.
बावीस हंगाम त्याच जिनिंगमध्ये काढून
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला.

दिवे गेले. भोंगा झाला.

बाप उठला.
फेटा सोडून नाकातोंडाला बांधला
आणि अंधारात दाराकडे चालू लागला,
कशालाही न अडखळता,
पाळीवर जाताना चालायचा तसा.
मागे गुलजी उठला, खुमसिंग उठला,
सायकाबाई उठली, कडेवर नसलेलं पोर सावरत.
अकरा जण. एका ओळीत.
नटाने पहिलं वाक्य म्हटलं आणि तो थांबला.

दारात बाप भानावर आला.
रेवाबाई तिथेच होत्या, त्या पुढे कधी बसत नसत.
"आमचा भोंगऱ्या वर्षातून एकदा भरतो, बाई," तो म्हणाला,
"तुमचा भोंगा विकूनही जात नाही."
त्यांनी उत्तर दिलं नाही.
दोघं बाहेरच्या दगडावर बसले.
नाटक पुन्हा सुरू झालं,
मला दिवे सांभाळायचे होते,
पुढचं ऐकता आलं नाही.

सकाळी भोंगा खांबावरून उतरलेला.
त्याच्या जागी ढोल ठरला, बाप वाजवणार.
पगारावरून दोघांनी तासभर घासाघीस केली,
बाईंनी अगदी मालकिणीसारखी,
बापाने या वेळी खुर्चीवर बसून.
बाप जिंकला. दीडशे रुपयांनी.

दोघंही आता नाहीत.
संस्थेचे नवे लोक चांगले आहेत,
माहितीपत्रकावर छापतात: कापसाकडून कलेकडे.
भोंग्याला पितळी रंग देऊन
फाटकाशी मांडायचा म्हणतात, पाहुणे फोटो काढतील.

मी सांगितलं, आत्ता जमणार नाही.
त्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे.
एकवीस दिवस लागतात.
मग दुसरी बसते.